फोंड्याच्या त्या मुलाचे आभार

गावच्या जत्रेतल्या नाटकाची संहिता, तीन महिन्यांची मेहनत, माझ्या जुन्या, लिनक्स (विंडोजसारखी संगणकप्रणाली) असलेल्या लॅपटॉपवर होती. तालमीच्या आदल्या दिवशी अपडेटमधून नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला आणि लॅपटॉप सुरूच होईना. काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक', म्हणजे गाभाच अडकल्याची सूचना. एका दुकानात सांगितलं, फॉरमॅट करावा लागेल. माझे हातपायच गळाले.

फोंडा बसस्टँडवर बसलो होतो. शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, काय झालं?"

त्याने लॅपटॉप सुरू होतानाच शिफ्ट दाबून धरलं, ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून जुना कर्नल निवडला, आणि पडदा उजळला! पण दुरुस्तीला हात लावण्याआधी त्याने संहिता स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून माझ्या मुठीत ठेवली. "आधी हे सांभाळा." ते मी विसरणार नाही. बूट विभागाची, म्हणजे डिस्कवर कर्नल ठेवायच्या भागाची, जागा भरल्यामुळे नव्या कर्नलला सुरू होताना लागणारी इनिट्रामएफएस फाइल अर्धवट बनली होती. नको ते कर्नल काढून त्याने ती पुन्हा तयार केली. चालणारा एक जुना कर्नल मात्र अडीनडीला राखून ठेवला.

यात त्याची मडगावची बस गेली. पैसे घेतले नाहीत, नावही विचारायचं राहिलं. बाबा, मनापासून आभार. तुझा पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. नाटकाला ये, पहिल्या रांगेत जागा ठेवतो.