दुपारच्या डान्स क्लबला परवानगी द्या

महोदय,
डान्स क्लब म्हटलं की लोकांना लगेच रात्र आणि दारूच आठवते, पण ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात भांगड्याच्या ‘डेटायमर’ नावाच्या डान्स पार्ट्या भर दुपारी व्हायच्या, लंडनला, ब्रॅडफर्डला, कारण आशियाई घरांतल्या पोरींना रात्री बाहेर सोडायचेच नाहीत, मग त्या दुपारी मनसोक्त नाचून संध्याकाळी घरी. किती साधा उपाय! आपल्याकडेही असे क्लब चालू द्या ना. पोरींना घरी जायला लोकल मिळेल, शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही. फक्त साउंडप्रूफिंग सक्तीचं करा, रहिवासी भागात दिवसाही ५५ डेसिबलचीच मर्यादा आहे आणि दुपारी लहान बाळं, आजारी माणसं घरातच असतात, त्यांचा विचार आधी व्हायला हवा.
– एक वाचक, ठाणे