डबल बेल

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "रिपोर्टात इन्सुलिन भरपूर आहे म्हणतायत, मग साखर 190 कशी?" डॉक्टरांकडे गर्दी होती, त्यांनी गोळी वाढवून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मीही 'नंतर सांगते' म्हणून फोन ठेवला. आज सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला सांगायचं तर एसटीतच बसावं लागेल. चिपळूण-कराड गाडीत तुमच्याबरोबर यायचे तेव्हा छताखालून गेलेली ती घंटेची दोरी ओढायला मिळावी म्हणून मी रडून गोंधळ घालायचे. तुम्ही कंडक्टर, मागे; ड्रायव्हरकाका पुढे, मध्ये माणसं, बोचकी, एखादी कोंबडी. एक टोला, गाडी थांबली. दोन टोले, निघाली. तुम्हाला केबिनमध्ये जावं लागत नसे. दोरीचं एक टोक तुमच्या हातात, दुसऱ्या टोकाला घंटा.

इन्सुलिनचं तसंच आहे. तुम्ही जेवलात, रक्तात साखर वाढली, की स्वादुपिंड ते सोडतं. ते स्नायूच्या पेशीपाशी येतं, पण निरोप द्यायला त्याला आत शिरावं लागत नाही. पेशीच्या पापुद्र्यातून आरपार गेलेला एक रिसेप्टर असतो, ती आपली दोरी. बाहेरच्या टोकाला इन्सुलिन बसलं की आतलं टोक जागं होतं, शेजारच्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, ती पुढच्यांना हलवतात. असा निरोप हातोहात जातो, आणि पेशीच्या पोटात घड्या घालून ठेवलेले साखरेचे दरवाजे वर येऊन पापुद्र्यात बसतात. त्यांचं नाव ग्लुट-4. साखर आत जाते. इन्सुलिन ओसरलं की दरवाजे पुन्हा आत ओढले जातात.

आई विचारेल, रक्त तर सगळीकडे तेच, मग हा निरोप सगळ्यांना का लागत नाही? ज्याच्याकडे जी दोरी, त्याला तो निरोप. मेंदूला तर साखर घ्यायला या घंटेची वाट बघावीच लागत नाही, त्याचे दरवाजे वेगळे आणि कायम उघडे. आई, मागे अंगणात साप निघाला तेव्हा तुझी छाती धडधडली ना? ते अ‍ॅड्रेनलिन. त्याच अ‍ॅड्रेनलिनने हृदय पळायला लागतं आणि आतडं मंदावतं. यकृतालाही ते 'साठवलेली साखर सोड' म्हणून सांगतं. म्हणजे तुम्हा दोघांची सकाळी सकाळी जुंपते ती मीटरवरही दिसू शकते, एवढंच म्हणते.

आता 190 चं. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप या शास्त्रज्ञाने तो शुद्ध केल्यावर साखर उतरली. त्या मुलाच्या गाडीत कंडक्टरच नव्हता, म्हणजे स्वादुपिंडाकडून इन्सुलिन जवळजवळ येतच नव्हतं. तुमच्या गाडीत आहे, चांगला जोर लावून दोरी ओढतोय. पण दोरीपासून ड्रायव्हरच्या कानापर्यंतची वाट ढिली झाली आहे. एका टोल्याला जे काम व्हायचं त्याला आता पाच लागतात. म्हणून रिपोर्टात इन्सुलिन जास्त आणि साखरही जास्त. असं वर्षानुवर्षं चाललं की कंडक्टरही थकतो. मला भीती त्याची आहे.

पण बाबा, कुंभार्ली घाटात एकदा दोरी तुटली होती, आठवतं? तुम्ही खिडकीतून हात काढून पत्र्यावर दोन थापा मारल्यात आणि गाडी निघाली. स्नायूंनाही अशी थाप कळते. पाय चालायला लागले की स्नायू आकसतात, आणि त्या हालचालीनेच ग्लुट-4 वर येतात, इन्सुलिनच्या निरोपाशिवाय. शिवाय चालून आल्यावर काही तास घंटाही जरा बरी ऐकू येते. मी 'जेवल्यावर चाला' म्हणते ते याच्यासाठी, तुमचं पोट सुटलंय म्हणून नाही. (सुटलंय, तो वेगळा विषय.) पण चालता म्हणून गोळी मात्र सोडायची नाही. ती मुख्यतः यकृताला साखर कमी सोडायला लावते, ते काम चालण्याने भागणार नाही.

आई, एक करशील? एक दिवस रात्रीच्या जेवणानंतर बाबांना तालुक्याच्या रस्त्याने पुलापर्यंत पाठव, एक दिवस झोपाळ्यावर बसू दे. दोन्ही दिवस भाकरी-भाजी सारखीच. जेवणानंतर दोन तासांनी मीटरचे आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिही. एकदा बघून समजणार नाही, तीन-चार वेळा कर.

तुमची,
मंजू

ता. क. आई, कपाटात एसटीच्या जुन्या तिकीटपेटीमागे पेढ्यांचा पुडा आहे. पत्र बाबा मोठ्याने वाचतील तेव्हा हे वाक्य गाळतील, म्हणून तू स्वतः चष्मा लावून एकदा वाच.