भाड्याबद्दल बोलले ते मागे घेते

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बँकेने कर्ज मंजूर केलं, पण मला आनंदच होत नाहीये." आणि मी सवयीने बोलून गेले, घर घेऊन टाक, भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. फोन ठेवल्यावर रात्री झोप लागली नाही. हे वाक्य मी तुला गेली सहा-सात वर्षं ऐकवते आहे आणि एकदाही वही घेऊन तपासलेलं नाही. तू पाठवलेला हप्ता आणि भाडं यांचा तक्ता घेऊन मी दोन दिवस बसले. आता लिहूनच सांगते, कारण फोनवर तू "हो गं, बघते" म्हणून विषय संपवतेस.

हिशेब सोपा व्हावा म्हणून कर्ज १०० धरते. मुदत २० वर्षं, व्याज ९ टक्के. महिन्याचा हप्ता साधारण ०.९० येतो. पहिल्या महिन्यात त्यातले ०.७५ व्याजात जातात आणि मुद्दलातून वजा होतात फक्त ०.१५. म्हणजे हप्त्याचे सहा भाग केले तर पाच बँकेचे आणि एक तुझ्या घराचा. निम्मं मुद्दल फिटायला १४ वर्षं लागतात. २० वर्षांच्या कर्जातली १४! शेवटी भरलेले होतात २१६. आणि हप्ता झेपावा म्हणून मुदत ३० वर्षं केली तर तो ०.९० वरून ०.८० वर उतरतो, पण एकूण भरायचे होतात २९०. तुम्हाला बँकेच्या त्या माणसाने मुदत वाढवून हप्ता "बसवून" दिला ना, तो असा बसतो. भाडं पाण्यात जात असेल, तर हे व्याज कुठे जातं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडायला हवा होता.

पुढचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटलं. घराची किंमत १०० धर. पदरचे २०, कर्ज ८०. हप्ता येतो ०.७२. महागड्या शहरात घराच्या किमतीच्या मानाने भाडं फारच कमी असतं. वर्षाला किमतीच्या ३ टक्के धरलं तर महिन्याला ०.२५. तुमच्या तक्त्यातही भाडं आणि हप्ता असेच एकास तीन आहेत. भाडं दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेलं, तर ते आजच्या हप्त्याएवढं व्हायला २१ वर्षांहून जास्त लागतात. तोवर कर्ज फिटलेलं असेल. उलट बाजूही सांगते, कारण ती तितकीच खरी आहे. विसाव्या वर्षी हप्ता थांबतो, भाडं थांबत नाही. ते म्हातारपणीही द्यावं लागतं आणि तेव्हा पगार नसतो. मधल्या काळात हप्ता आणि भाडं यांतला फरक दर महिन्याला खरोखर बाजूला पडला, तरच भाडेकरू म्हातारपणी निश्चिंत राहतो. बहुतेकांच्या हातून तो पडत नाही. हप्त्याची सक्ती असते म्हणून माणूस भरतो, बचतीची सक्ती कोण करणार? तुम्हा दोघांना ती शिस्त आहे. लग्नानंतर तुम्ही साठवलेले पैसे पाहून हे म्हणते, आई म्हणून नव्हे.

आता मी इतकी का मागे लागत होते, तेही सांगते. तू चौथीत जाईपर्यंत आपण पाच घरं बदलली. एका मालकाला मुलाचं लग्न करायचं होतं, एकाला जास्त भाडं देणारा मिळाला, एकाने कारणही सांगितलं नाही. भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही, पाहुणे चार दिवस राहिले तर विचारणा. पाचव्या घरात सामान लावत होते तेव्हा तू शेजारच्या मुलीशी खेळायला जाईनास. मी विचारलं तर म्हणालीस, "इथे किती दिवस आहोत ते आधी सांग." त्या दिवशी ठरवलं की आपलं घर घ्यायचं, कितीही पोटाला चिमटा काढावा लागला तरी. माझ्या तोंडून "घेऊन टाक" येतं ते त्या दुपारपासून. पण ती माझी भीती होती. तुझ्या तक्त्यातल्या आकड्यांशी तिचा संबंध नाही.

आणि घर घेतल्यावर काय झालं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ताबा दोन वर्षं लांबला. त्या दोन वर्षांत भाडंही भरलं आणि हप्ताही. नंतर व्याजदर चढला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली आणि आम्हाला ते कित्येक वर्षांनी, खात्याचा उतारा मागितला तेव्हा कळलं. यात काय होतं ते आता मांडून पाहिलं. वरच्याच २० वर्षांच्या कर्जात दर सुरुवातीलाच ९ चा १० झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज २६ वर्षांचं होतं. ११ झाला, तर तो हप्ता नुसत्या व्याजालाही पुरत नाही. भरत राहायचं आणि देणं वाढत राहायचं. फक्त दोन टक्क्यांनी! म्हणून तुझ्या मंजुरीपत्रात दर बदलता आहे की ठरावीक, हे आधी बघ. बदलता असेल तर दोन टक्के जास्त धरून हप्ता काढ आणि तो झेपतो का ते बघ.

बाबांना ती नोकरी आवडत नव्हती, हे तुला आठवत असेल. दुसऱ्या गावाहून त्यांना बोलावणं आलं होतं, काम त्यांच्या आवडीचं, पगार सुरुवातीला कमी. आम्ही एक रात्र बोललो आणि नाही म्हणून कळवलं, कारण पगार कमी झाला तर हप्ता चुकला असता. पुढची अकरा वर्षं ते त्याच जागी गेले. घराने आपल्याला थारा दिला, तुला एकच शाळा मिळाली, मैत्रिणी मिळाल्या. त्याचं मोल मला ठाऊक आहे. पण त्या थाऱ्याची किंमत फक्त बँकेत भरली असं मी इतकी वर्षं भासवत आले, ते बरोबर नव्हतं. ती बाबांनी भरली.

तुमचा हप्ता दोघांच्या पगारावर धरला आहे आणि तो पगाराच्या निम्म्याहून जास्त जातो. घरावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त खर्च करू नये, हा नियम सगळे सांगतात. तो कुठून आला ते वाचलं. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून उत्पन्नाच्या किती टक्के भाडं घ्यावं यासाठी १९६९ साली २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, १९८१ मध्ये ती ३० केली. तीही भाड्याची, जिथे डागडुजी आणि घरपट्टी मालकाकडे असते. तुमच्याकडे त्या निम्म्यावर देखभाल, कर आणि विमा वेगळाच येणार. बँकेने मंजूर केलं म्हणजे झेपेल, असं समजू नकोस. बँक तिचं कर्ज बुडणार नाही एवढं बघते. त्यानंतर तुम्ही कसे जगाल, मूल झाल्यावर तुला वर्षभर थांबावंसं वाटलं तर काय, हे तिच्या कागदात कुठेच नसतं.

तू विचारलंस, "आम्ही एवढं कमावतो, तरी घर का घेता येत नाही?" तुझ्या आवाजात स्वतःचा दोष असल्यासारखं काही होतं, ते मला लागलं. विटा, सिमेंट, लोखंड लहान गावात आणि मोठ्या शहरात इतक्या वेगळ्या भावाने मिळत नाही. फरक असतो जमिनीचा. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ सालीच मांडलं होतं की जमिनीचा खंड, म्हणजे तिचं भाडं, जास्त म्हणून धान्य महाग नसतं, धान्य महाग म्हणून खंड जास्त असतो. शहरालाही तेच लागू पडतं. तिथे नोकऱ्या चांगल्या, म्हणून माणसं येतात, पगार वाढतात आणि तो वाढीव पगार जागेसाठी एकमेकांवर बोली लावण्यात जातो. कर्ज स्वस्त झालं की सगळ्यांचीच बोली वाढते. नवी घरं त्या वेगाने बांधली जात नाहीत, कारण जमीन तेवढीच आणि तिच्यावर किती मजले चढवायचे याला नियम. यात तुम्ही दोघं कुठे कमी पडलात, मला दिसत नाही.

"किमती कधीच उतरत नाहीत" हे वाक्यही मी तुला ऐकवलं आहे. जपानमध्ये १९९१ नंतर मोठ्या शहरांतल्या जमिनीच्या किमती दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिल्या. ऐन शिखरावर घेतलेल्यांनी घराच्या नव्या किमतीपेक्षा जास्त कर्ज फेडलं. तुमच्या शहरात तसं होईल असं मी म्हणत नाही. होणारच नाही, असं समजून आयुष्य बांधू नका, एवढंच.

भाड्याने राहणं म्हणजे कमीपणा, हेही सगळीकडे खरं नाही. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. व्हिएन्ना शहराने १९२० च्या दशकापासून स्वतः घरं बांधून भाड्याने दिली. त्यातल्या कार्ल मार्क्स होफ या १९३० मध्ये पूर्ण झालेल्या वसाहतीत हजाराहून जास्त घरं आहेत आणि आजही लोक राहतात. तिथे भाडेकरूला सहज उठवता येत नाही, हा खरा फरक. आपल्या पाच घरांत मला जे हवं होतं ते मालकीपेक्षा हेच असावं, कोणी ऊठ म्हणू नये. म्हणून तुमच्या मालकाशी आधी लांब मुदतीच्या कराराचं बोल. दर वर्षी किती टक्के वाढ, नोटीस किती महिन्यांची, हे लिहून घे. थोडं भाडं जास्त पडलं तरी चालेल.

तुम्ही पाहिलेल्या लांबच्या उपनगरातल्या घराबद्दल मात्र माझं मन साफ विरुद्ध आहे. जाऊन-येऊन रोज तीन तास जास्त. कामाचे २५० दिवस धरले तर ७५० तास, म्हणजे दिवस-रात्र मिळून वर्षातला एक अख्खा महिना प्रवासात. तो महिना तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात आहे?

बाबा आपल्या घरावर कर्ज काढून तुम्हाला पैसे द्यायचं म्हणत आहेत. ते घेऊ नकोस. मी त्यांच्याशी बोलले आहे. ते रागावले, मग गप्प बसले, आज सकाळी "बरं" म्हणाले. पण तुझ्यासाठी जी ठेव ठेवली होती ती तुझीच आहे. घर घेतलंस तर आणि नाही घेतलंस तरी. आजवर आम्ही ती "घरासाठी" म्हणत होतो, तो शब्द मी काढून टाकला. मुदत पुढच्या महिन्यात संपते, रक्कम सरळ तुझ्या खात्यात येईल.

शनिवारी तुम्ही त्या घराचा विसार देणार आहात असं म्हणालीस. त्याआधी दोघांनी माझं एक काम करा. एका कागदावर फक्त एकाचा पगार लिहा, दोन टक्के वाढीव व्याजाचा हप्ता त्यातून वजा करा आणि खाली काय उरतं ते मला फोनवर सांगा. काय करायचं ते मी सांगणार नाही. आकडा ऐकायचा आहे.

जावयांना आशीर्वाद. खोकला राहिला का, तेही कळव.

तुझी,
आई