बाबा, गोळी मनाने अर्धी करू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोन ठेवल्यापासून तो उशीचा अभ्रा डोळ्यांसमोरून हलत नाहीये. नाकातून आलेल्या रक्ताचा रुपयाएवढा डाग. आणि बाबा, त्या दिवसापासून तुम्ही सुपारीच्या अडकित्त्याने रक्त पातळ करायची गोळी अर्धी करून घेताय. तीन आठवडे! मी आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा, आकडा विचारला, तेव्हा कुठे आईने सांगितलं. १.४. तिच्यावर रागावू नका.

तुमची भीती खोटी नाही. तुमच्या या गोळीने, वॉरफरिनने, रक्तस्राव होऊ शकतो, पोटात होतो, क्वचित मेंदूतही. पण डाग दिसतो, गुठळी दिसत नाही. तुमच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो, त्यात रक्त साचून गोठतं. तिथून गुठळी सुटली तर मेंदूत जाऊन अडकते. या दुखण्यात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, आणि वॉरफरिन व्यवस्थित घेतलं तर त्यातले जवळपास दोन तृतीयांश झटके टळतात. व्यवस्थित म्हणजे आयएनआर २ ते ३. त्याच्या वर गेला की रक्तस्रावाची भीती वाढत जाते, खाली आला की गोळी घेऊनही राखण होत नाही. गेले तीन आठवडे तुमची राखण नव्हती, बाबा. मला रात्री झोप लागली नाही.

आणि ती गुडघ्याची गोळी! नाकातून रक्त येण्याआधी आठवडाभर तुम्ही मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक घेत होतात ना? ती पोटाचं अस्तर दुखावते आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशींचं कामही मंदावते. वॉरफरिनबरोबर ती म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रणच. थांबवायला हवी होती ती, आणि कापली गेली दुसरीच. गुडघ्याला शेक द्या. पॅरासिटामॉलसुद्धा किती घ्यायची ते विचारूनच, कारण रोज जास्त घेतली तर आयएनआर चढतो.

बीपीचं तसंच. ते चढलेलं राहिलं तर गुठळीचा धोकाही वाढतो आणि मेंदूत रक्तस्राव व्हायचाही. म्हणून पापड-लोणच्याचा हट्ट सोडा, मी हात जोडते.

आई, तू पालेभाजी बंद केलीस असं म्हणालीस. नको गं. मेथी-पालकातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं हे खरं, पण प्रमाण दर आठवड्याला सारखं असलं की डॉक्टर त्यानुसार डोस बसवतात. एका आठवड्यात चार जुड्या आणि पुढच्यात काहीच नाही, याने आकडा वरखाली होतो.

नव्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांशी बोलू. अपिक्साबनसारख्या गोळीला आयएनआर लागत नाही, मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. धातूची झडप बसवलेल्यांना त्या चालत नाहीत, पण बाबांना झडप बसवलेली नाही. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते रक्तातून, बघावं लागेल. मात्र तिचा असर दिवसभरात ओसरतो, एक वेळ चुकवली तरी अंगाशी येतं. अडकित्ता तिथे मुळीच चालायचा नाही.

उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा आणि अर्ध्या गोळीचं, डायक्लोफेनॅकचं, सगळं सांगा. भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नका. शौचाला काळं झालं, डोक्याला मार लागला, तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर माझ्या फोनची वाट न बघता १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला पहिले साडेचार तासच असतात, आणि बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात हे तिथे गेल्या गेल्या सांगायचं.

शनिवारी पहिल्या एसटीने येते. आयएनआरचे सगळे जुने कागद काढून ठेव, आई.

तुमची लेक