गोऱ्हा कशाने मेला, हे कळायला नको का?

महोदय,

आमच्या वस्तीवर परवा दीड वर्षाचा खिलार गोऱ्हा एका रात्रीत गेला. संध्याकाळी मागचा पाय ओढत होता, वैरणीला तोंड लावले नाही आणि उजाडायच्या आत दावणीलाच आडवा झाला. मालकाची जमीन दोन एकर, घरी एकच बैल. त्याला जोड म्हणून हा वाढवलेला. कुणी म्हणाले पान लागले, म्हणजे साप चावला, कुणी म्हणाले दृष्ट लागली. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पद रिकामे, दुसऱ्या गावचे डॉक्टर लांब. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि गोऱ्हा ओढ्याकाठी नेऊन टाकला. शवविच्छेदन झालेच नाही.

लक्षणे ऐकून मला फऱ्या रोगाची शंका येते. सहा महिने ते दोन वर्षांच्या जनावरांना तो पावसाळ्यात गाठतो, आणि त्यातही अंगाने भरलेल्या, धष्टपुष्ट जनावरांना आधी. मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते, दाबली की करकर वाजते आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. पण ही शंकाच. ज्वारीचे कोवळे पोंगे, विशेषतः पाण्याच्या ताणावर खुरटलेले, खाल्ले तरी जनावर तासाभरात तडफडून मरते. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असेल तरीही ते असेच अचानक कोसळते. नाकातून, गुदद्वारातून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही.

कारण बदलले की पुढचे सगळेच बदलते. फऱ्या असेल तर बाकीच्या वासरांना लगेच लस हवी. ज्वारी बाधली असेल तर लसीचा काहीच उपयोग नाही, ते रान जनावरांना बंद करायला हवे. आणि काळपुळी असेल तर कातडे सोलणे सोडाच, मेलेल्या जनावराला सुरीही लावायची नाही. तिचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात आणि रोग माणसालाही होतो. म्हणूनच अशी शंका असली की जाणते डॉक्टर आधी कानाच्या शिरेतले रक्त काचपट्टीवर घेऊन तपासतात. आमच्याकडे मात्र मेलेले जनावर ओढ्यात, आणि गावची गुरे त्याच ओढ्यावर पाण्याला! हे पाहून जीव तुटतो.

फऱ्या आणि घटसर्प (जनावरांचा, गळा सुजवणारा रोग) यांच्या लसी पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत तयार होतात, रोगनिदानाची प्रयोगशाळाही तिथेच आहे. म्हणजे ज्ञान आणि साधने राज्यात आहेत. वस्तीवरच्या दावणीपर्यंत ती वेळेत येत नाहीत. लस मृगाच्या आधीच टोचलेली असली तर उत्तम. विमा उतरवलेला असला तरी शवविच्छेदनाच्या दाखल्याशिवाय दावा अडतो, तेव्हा गरिबाचे नुकसान दुहेरी.

पशुसंवर्धन विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. १९६२ या क्रमांकावर आजारी जनावरासाठी फिरते पथक मागवता येते. अचानक दगावलेल्या जनावरासाठीही ते त्याच दिवशी यावे, नमुना घ्यावा आणि निदान काय निघाले ते मालकाला लेखी कळवावे. रिकामी पदे पावसाळ्यापूर्वी भरावीत. आणि तोवर पशुपालकांनी मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये. पाणवठ्यापासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

— एक पशुपालक, जि. सोलापूर