ओवीची रायफल

लोकमान्यनगर, इंदूर
१६ नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तराला उशीर झाला, कारण तू विचारलेल्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे नुसतं मत होतं, पुरावा नव्हता. तू लिहिलं होतंस, "जड रायफल हलत नाही हे आपल्याला एनसीसीत हवालदारसाहेबांनी घोकवून घेतलं, मग तू पोरीची रायफल हलकी का करत बसलास?" आता सगळं सविस्तर सांगतो. पत्र लांबेल, चहा घेऊन बैस.

माझी भाची, सुमीची ओवी, तुला आठवते ती सायकलवरून पडून हनुवटीला टाके घेतलेली. ती आता तेरा वर्षांची आहे. दीड वर्षापासून दहा मीटर एअर रायफल मारते. वजन अडतीस किलो. क्लबातली जी रायफल मुलं आळीपाळीने वापरतात ती मी काट्यावर ठेवून पाहिली: ४ किलो ७०० ग्रॅम. म्हणजे पोरीच्या वजनाचा आठवा हिस्सा. नियमात कमाल वजन साडेपाच किलो आहे, पण पंचाहत्तर किलोच्या माणसाला ते साडेपाच किलोसुद्धा त्याच्या वजनाच्या चौदाव्या हिश्शाइतकंच पडतं. सगळा घोळ इथेच आहे. जड रायफल स्थिर राहते हे खरंच, पण ती धरणारा तिच्याखाली स्थिर असेल तर.

जुलैत एका रविवारी मी तिच्या मागे खुर्ची टाकून साठच्या साठ शॉट बघितले. उभ्याने मारताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे वजन मनगट, कोपर, कंबर आणि डावा पाय असं हाडाहाडांतून जमिनीत उतरतं आणि स्नायूंना काम उरत नाही. पहिले वीस शॉट पोरीचं कोपर जागेवर होतं. पंचविसाव्याच्या सुमारास कंबर मागे कलंडू लागली. पस्तिसाव्यापर्यंत कोपर हाडावरून सुटून पोटाशी आलं, आणि मग सगळं वजन दंडावर. प्रत्येक शॉटनंतर ती रायफल स्टँडवर टेकवून अंगठ्याच्या मुळाशी चोळत होती. तक्रार एका शब्दाने केली नाही. कोच म्हणाले, ताकद वाढेल. वाढेलही, पण तोवर पाठीला जी वाकायची सवय लागेल ती कोण सोडवणार? तेरा वर्षांच्या पाठीवर मला तो प्रयोग करायचा नव्हता.

म्हणून एक जुनी मॅच रायफल घेतली. नळी आणि यंत्रणा उत्तम, स्टॉक, म्हणजे दस्ता, मात्र धिप्पाड माणसासाठी केलेला. ज्याच्याकडून घेतली त्याने हवेच्या सिलिंडरबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरी आणून भिंग लावून तारीख वाचली तर दहा वर्षांची मुदत संपून चार वर्षं झाली होती. तुला वेगळं सांगायला नको, त्यात २०० बार दाब असतो. तुझ्या गाडीच्या टायरच्या नव्वदपट, आणि ते नळकांडं पोरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर. त्याच संध्याकाळी हवा सोडली, सिलिंडर करवतीने दोन तुकडे करून भंगारात टाकला, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नको. नवा यायला पाच आठवडे गेले. तोवर मी लाकडाला लागलो.

नळी, यंत्रणा, ट्रिगर यांना मी हात लावला नाही. वजन काढायचं ते स्टॉकमधूनच. मूळचा स्टॉक १ किलो ५०० ग्रॅमचा होता. साग नको होता, जड पडतो. अक्रोड देखणा, पण तोही त्याच वजनाचा. शेवटी वखारीत शिवणीचा एक ठोकळा मिळाला. शिवण हलकी, पटाशीला सरळ कापली जाणारी, आणि फारशी पीळ न खाणारी. तिच्यावर रंधा चालवताना वास येतो ना, थोडा तुरट, तो अख्खा ऑगस्ट आमच्या गच्चीवरच्या खोलीत भरून होता. बाहेर पाऊस, आत मी आणि ओवी. ती पुठ्ठ्याचे साचे कापून द्यायची. तिच्या तळहाताचा ठसा मातीत घेतला, त्यावरून ग्रिप कोरली. खांद्यापासून बोटाच्या पेरापर्यंतचं माप घेऊन खांद्याला टेकणारी बट प्लेट जुन्यापेक्षा बेचाळीस मिलिमीटर पुढे आणली. गालाखालची फळी वर-खाली आणि आत-बाहेर सरकेल अशी केली, कारण वर्षभरात तिचं तोंडही बदलणार. डोकं सरळ राहिलं पाहिजे, मान रायफलकडे गेली नाही पाहिजे. रायफल तोंडाकडे आली पाहिजे.

आता चूक सांगतो. पहिल्या स्टॉकच्या वेळी मी वजनाच्या मागे इतका लागलो की स्टॉकचा पुढचा हात, म्हणजे नळीखालचा भाग, तोसुद्धा आतून पोखरून काढला. रायफल ३ किलो ३५० ग्रॅमवर आली, मला आनंद झाला. ओवीने उचलली आणि म्हणाली, "मामा, टोक उडतंय." खरंच उडत होतं. तोल ट्रिगरगार्डच्या अगदी जवळ आला होता. श्वास घेतला की टोक वर, सोडला की खाली, आणि निशाण काळ्यावर थांबायलाच तयार नाही. किती वजन याच्यापेक्षा ते कुठे बसलंय हे महत्त्वाचं, हे मी लेथवर तीस वर्षं काढूनही विसरलो होतो. वस्तू वळवायला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. टोकाजवळचे शंभर ग्रॅम जे काम करतात ते ट्रिगरजवळचे पाचशे ग्रॅम करत नाहीत. दुसरा स्टॉक केला तेव्हा पुढचा हात भरीव ठेवला, पोखरला तो मागचा भाग, आणि नळीच्या टोकापाशी पितळेची नव्वद ग्रॅमची कडी बसवली, पुढे-मागे सरकणारी. एकूण ३ किलो ६२०. ओवीने ती कडी एक एक सेंटिमीटर सरकवत स्वतःच जागा शोधली आणि तिथे पेन्सिलने खूण केली. म्हणजे हवालदारसाहेबही खोटे नव्हते. जडपणा लागतो, पण तो टोकाला, आणि पोराला पेलेल इतकाच.

मग आली पेलेटची, म्हणजे छर्ऱ्याची, पाळी. यात तुला सगळ्यात जास्त रस असणार.

तू ०.२२ बोअरच्या रायफलींच्या काळातला. तेव्हा स्टोअरमधून मिळेल ती गोळी आपण मारायचो. इथे तसं चालत नाही. दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट साडेचारची. २०१३ पासून प्राथमिक फेरीतसुद्धा गुण दशांशात धरतात, आणि प्रत्येक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. १०.९ हवे असतील तर पेलेटचा मध्य खऱ्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत पडायला हवा. पेलेट शिशाची, ०.५३ ग्रॅमची, डोकं सपाट, कंबर बारीक, मागे पातळ घागरा. हवेच्या झोताने तो घागरा फुलतो आणि नळीच्या चऱ्यांना घट्ट बसतो. डोकं मात्र मापातच लागतं: ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर. कोणत्या नळीला कोणतं आवडेल हे कुणी सांगू शकत नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन नळ्यांचीही आवड वेगळी असते. आणि त्याच कंपनीच्या त्याच मापाच्या पुढच्या घाण्याचा माल आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

चार डब्या आणल्या. सांवेर रोडला आमच्या शेडमध्ये रविवारी मशिन बंद असतात, तिथे दहा मीटर मोजून एका टोकाला निशाणाचा कागद लावला. स्टॉकचा पुढचा हात रबर लावलेल्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरला. प्रत्येक डबीच्या दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचे. सरासरी आली ८.२, ७.६, ९.१ आणि ७.९ मिलिमीटर. मला धक्का बसला. अशा नळीचा ग्रुप पेलेटच्या भोकापेक्षा जेमतेम मोठा असायला हवा. मी पेलेटला दोष दिला. आणखी दोन डब्या मागवल्या, त्यातल्या एकीचे घागरे वाटेत चेपलेले निघाले, ते एकेक करून निवडले. तीन रविवार गेले. आकडे कधी साडेसात, कधी साडेआठ, आणि आज चांगली ठरलेली डबी पुढच्या रविवारी वाईट.

हे "आज चांगली, उद्या वाईट" बघून डोक्यात प्रकाश पडला. पेलेट आठवड्याने स्वभाव बदलत नाही. बदलतं ते लाकूड! चौथ्या रविवारी स्टॉक काढून ठेवला, नुसती यंत्रणा व्ही-ब्लॉकच्या लोखंडी खाचेत आवळली आणि त्याच डब्या मारल्या. ६.३, ५.४, ६.८, ५.९. नळी निर्दोष होती, पेलेटही. दोष माझ्या स्टॉकमध्ये होता.

यंत्रणा दोन स्क्रूंनी स्टॉकवर बसते. त्या भोकांत मी ॲल्युमिनियमचे बुश, म्हणजे छोटी नळकांडी, घातले होते, लाकूड दबू नये म्हणून. पुढचा बुश लाकडाच्या पातळीखाली जवळजवळ पाव मिलिमीटर होता. म्हणजे यंत्रणा धातूवर बसलीच नव्हती, ती लाकडावर बसली होती. ठोकळा पावसाळ्यात घेतलेला. वखारवाल्याने वाळलेला म्हटलं, मी विश्वास ठेवला. ऑक्टोबरच्या उन्हात तो आकसला, स्क्रू सैल झाला, मी आवळला, पुन्हा आकसला. दर रविवारी मी वेगळ्याच रायफलने मारत होतो. नवे बुश वळले, लाकडापेक्षा दोन दशांश मिलिमीटर वर राहतील असे, खाली इपॉक्सीची घट्ट बैठक केली, आणि स्क्रू आता टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, पाच न्यूटन-मीटरवर, नेहमी पुढचा आधी. त्यानंतर स्टॉकसकट ग्रुप ५.६. दुसरी डबी, ४.५० डोक्याची, पहिली आली ती पुढच्या तिन्ही रविवारी पहिलीच राहिली. वेगही मोजला, सेकंदाला १७२ मीटरच्या आसपास, शॉटाशॉटात दोन मीटरच्या आत फरक.

त्या घाण्याचा नंबर डबीच्या तळाला छापलेला आहे. त्याच नंबरच्या बारा डब्या उचलून ठेवल्या. ओवी रोज साठ-सत्तर मारते, पाचशेची डबी आठवड्यात संपते, म्हणजे तीन महिन्यांची बेगमी झाली. सुमीला शिशाची काळजी वाटते आणि ती रास्त आहे. रेंजवर काही खायचं नाही, घरी आल्यावर साबणाने हात कोपरापर्यंत धुवायचे, रेंजचे कपडे वेगळे, हे नियम मी भिंतीवर लिहून लावलेत आणि ओवी ते पाळते. पेलेट दाताखाली धरायची सवय काही मुलांना असते, ती मी तिला पहिल्याच दिवशी तोडायला लावली.

मागच्या शनिवारी तिला घेऊन रालामंडळला गेलो होतो. टेकडीवरचं होळकरांचं शिकारगाह तिला बघायचं होतं. आजोबा सांगायचे ते हाकारे, बंदुका, सगळं तिला सांगितलं. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि १९८९ पासून ती टेकडीच अभयारण्य आहे हेही सांगितलं. खाली चितळांचा कळप चरत होता. ती कठड्यावर कोपरं टेकवून कितीतरी वेळ बघत राहिली. मला बरं वाटलं, दिल्या. नेम धरायची विद्या या पोरीच्या हाती आली आणि तिला फक्त कागद फाडावासा वाटतो.

गुणांचं सांगायचं तर क्लबच्या रायफलवर साठ शॉटमध्ये तिचे ५७८ च्या आसपास यायचे. काल ५९६.४ आले. पण मी बघत होतो ते पस्तिसाव्या शॉटनंतरचं कोपर. ते साठाव्या शॉटपर्यंत हाडावर होतं. ती खाली बसली, बूट सोडले आणि म्हणाली भूक लागली.

डिसेंबरच्या शेवटी तू येणारच आहेस. सराफ्यात गराडू, ते तळलेले कंद, सुरू झालेत, वहिनींनाही घेऊन ये. एक काम कर. माझा टॉर्क पाना वर्कशॉपचा आहे आणि लहान मापाला तो किती खरा हे मला तपासायचंय. तुझ्याकडचा छोटा पाना सोबत आण, दोन्ही एका स्क्रूवर लावून बघू. आणि त्याच घाण्याच्या डब्या तुमच्या गावात कुणाकडे असतील तर चार-पाच उचल. नंबर मागच्या पानावर लिहिला आहे.

सोबत ओवीने एक कागद घातला आहे. दहा शॉट, एक भोक. डाव्या बाजूला थोडं फाटलंय, तो सातवा. तो तिला अजून खुपतोय. त्याबद्दल तुला काय वाटतं ते तिलाच पत्रात लिही, ती वाट बघत आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता