कोळशातच राहतेय, बाबा

मॉर्गनटाउन, वेस्ट व्हर्जिनिया
9 जून 2024

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. ॲरिझोनाच्या सोलर कंपनीला मी नकार कळवला. इथल्या खाणीतच राहतेय आणि घरासाठी इसारही दिलाय. रागावू नका, आधी सगळं वाचा.

"आमचं गेलं कोळशात, तुझं तरी नको," हे बाबा, मी विसरले नाही. पण ओव्हरमनच्या पोरीला दुसरं काय आवडणार होतं? तुम्ही पहिल्या पाळीहून आलात की मी आधी तुमचा डबा उघडायची. त्यात अर्धी गुळपोळी उरायचीच. ती तुम्ही मुद्दाम ठेवायचात, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. आपल्याकडे 2019 पर्यंत बाईला जमिनीखाली कामाला परवानगीच नव्हती. इथे अख्ख्या खाणीत हवा कशी खेळवायची, ते माझ्या नकाशावर ठरतं.

धुळीची भीती तुम्हाला आहे, ठाऊक आहे. इथे फेसवरच्या, म्हणजे कोळसा कापतात तिथल्या, माणसाच्या अंगावर धूळ मोजायचं यंत्र असतं, पाळी चालू असतानाच आकडा दिसतो. मर्यादा घनमीटरला दीड मिलिग्रॅम. हा नियम सरकारचाच, आणि मला तो हवाच आहे. जवळच फार्मिंग्टनला 1968 मध्ये स्फोटात 78 माणसं गेली, त्यानंतर 1969 चा कायदा आला. तो नसता तर मी इथे आलेच नसते.

माझं भांडण ईपीएच्या, म्हणजे इथल्या सरकारच्या पर्यावरण खात्याच्या, एप्रिलमधल्या नियमाशी आहे. (आई, हा भाग तू गाळ.) 2039 नंतरही चालायचं असेल, तर कोळशाच्या वीजकेंद्राने 2032 पासून 90 टक्के कार्बन धुरातून पकडायचा, नाहीतर बंद व्हायचं. एवढ्या प्रमाणात हे करणारं केंद्र देशात दाखवा म्हटलं, तर टेक्सासच्या पेट्रा नोव्हा प्रकल्पाकडे बोट जातं. तिथेही एका युनिटच्या थोड्याच धुरावर काम होतं, आणि ते 2020 ला थांबून 2023 ला पुन्हा सुरू झालं. नियम कागदावर पर्याय देतो, प्रत्यक्षात कुलूप. असा निर्णय संसदेने घ्यावा, कचेरीने नाही. 2022 मध्ये याच राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तेच म्हटलं होतं.

खाणी रिकाम्या झाल्या त्या यंत्रांनी आणि स्वस्त गॅसनेही, सगळं ईपीएच्या माथी मारत नाही मी. पण 1950 ला लाखभर वस्तीचा मॅकडॉवेल परगणा 2020 च्या जनगणनेत एकोणीस हजारांवर आला, आणि शाळेचा पैसाही कोळशाच्या करातून येतो. डिसेंबर 2022 च्या कडाक्यात आमच्या वीज ग्रिडवर बंद पडलेल्या केंद्रांत गॅसवरचीच जास्त होती. कोळशाचीही पडली, पण कोळशाचा ढीग निदान आवारात असतो.

"राख आम्ही खाल्ली," आई म्हणेल. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांखाली राहून तुला तो हक्क आहेच. राख पकडा, गंधक पकडा, पारा पकडा, त्याची यंत्रं आहेत, आणि ती बसवलीच पाहिजेत. न जमणारी अट घालून कुलूप लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

घर छान आहे. तळमजल्यावर एक खोली आहे, म्हणजे आई, तुझ्या गुडघ्याला जिना नाही. तुरीची डाळ, जवारीचं पीठ पिट्सबर्गला मिळतं. मी रोज खाली जात नाही, आणि जाते तेव्हा एकटी कधीच नाही.

आता माझं ऐका. बाबा, हा खोकला "हवा बदलली" म्हणून झालेला नाही. याच महिन्यात नागपूरला छातीच्या डॉक्टरांकडे जा, फुंकर मारायची तपासणी करा, आणि खाणीत किती वर्षं काढली ते त्यांनी विचारायच्या आधी सांगा. पंप घेतल्यावर चूळ भरा. बिडी सोडली म्हणता, पण पानठेल्यावाला माझ्या वर्गातला आहे. आई, तू सोबत जा, नाहीतर ते अर्ध्यावरून परत येतील.

दिवाळीच्या तिकिटांचं मी बघते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पैसे टाकलेत. बाबा, ते मुदत ठेवीत टाकू नका, बॅटरीच घ्या.

तुमची,
बेबी